चार वाजून सात मिनिटं

"हे घड्याळ बरोबर आहे ना?" नव्या मुलीने विचारलं आणि निरीक्षकांच्या हातून कपातला चहा बशीत सांडला. प्रश्न साधाच होता. गुरुवारच्या सभेला ती पहिल्यांदा आली होती. दारात थांबून तिने आधी मनगटाकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीवरच्या गोल घड्याळाकडे, आणि पहिल्याच दिवशी उशीर नको म्हणून कोणीही विचारलं असतं ते विचारलं. "बरोबर म्हणजे काय!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आमचे निरीक्षक असताना घड्याळ चुकायची काय बिशाद आहे? दर सोमवारी स्वतः स्टुलावर चढून रेडिओच्या वेळेशी मिळवतात. एकोणऐंशी वय झालं, पण स्टूल काही सोडत नाहीत." सगळे हसले. बेकरीवाले जरा जास्तच हसले, कारण ते स्वतः दर सभेला उशिरा येत आणि अशा वेळी मोठ्याने हसून मोकळे होत. निरीक्षकांनीही हसल्यासारखं केलं, बशीतला चहा पुन्हा कपात ओतला आणि तो पिण्याऐवजी कप दूर सारला. एकोणीस वर्षांत त्या घड्याळाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. मिळवणं वेगळं आणि विचारणं वेगळं.

संस्था मोडलेल्या आणि मोडायला आलेल्या घरांसाठी होती. दवाखान्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर तिच्या तीन खोल्या. एका खोलीत नवराबायकोंना समोरासमोर बसवून बोलतं करायचे, दुसऱ्या खोलीत कागदपत्रं, आणि ही तिसरी, सगळ्यात मोठी. गुरुवारी इथे लांब टेबलाभोवती मंडळाचे सातजण बसत. कोणी पगारी नाही, सगळे आपखुशीने आलेले. रविवारी तेच टेबल भिंतीला लावून खाली सतरंजी अंथरली जायची, खेळण्यांची पेटी उघडायची, आणि वेगळं राहणाऱ्या आईला किंवा बापाला इथे आपलं मूल तासभर भेटायचं. कोपऱ्यातल्या खुर्चीत मंडळातलं कोणीतरी बसून राहायचं, बोलायचं नाही, फक्त वहीत लिहायचं: कधी आले, कधी गेले, मूल कसं होतं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी होती. ती घडी निरीक्षकांनीच घातलेली.

मंडळात एक रीत होती. नवीन येणाऱ्याने पहिल्या दिवशी उभं राहून सांगायचं, आपण इथे का आलो. उत्तरं ठरलेली असत. समाजाचं आपण काही देणं लागतो, निवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी लागावा, मुलंबाळं मार्गी लागली वगैरे. वकिलांनी तर एकदा सांगितलं होतं की घरी टीव्ही एकच आहे आणि तो बायकोच्या ताब्यात आहे. नवी मुलगी उभी राहिली. सव्वीस वर्षांची असेल. कान तपासण्याचं काम करते, म्हणाली, कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून देते. "मी या खोलीत आलेले आहे," ती म्हणाली. "लहानपणी. सात वर्षांची असताना, रविवारी. आई मला आणायची आणि बाबा यायचे. पुढे यायचे बंद झाले. शेवटच्या वेळी मी बसून राहिले आणि ते आलेच नाहीत. त्या दिवशी माझा दात पडला होता, तो त्यांना दाखवायला मी वहीच्या कागदात बांधून आणला होता. इथे एक काका बसले होते. त्यांनी तो दात हातावर घेतला, तोलल्यासारखा केला आणि मला म्हणाले, बरोबर अर्धा ग्रॅम." ती हसली. "बाबा आले नाहीत हे मी विसरून गेले असते असं नाही. पण त्याच्यासोबत मला अर्धा ग्रॅमही आठवतो. कोणाची वाट बघत बसलेल्या मुलाजवळ असं एखादं माणूस असावं. म्हणून मी आले."

मग अध्यक्षीणबाईंनी टेबलावर हात आपटला. "अगं, ते काका म्हणजे हेच की! वजनमापे खात्यात जन्म काढलाय यांनी. दुसरं कोण दाताचं वजन सांगणार?" मुलगी टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि वाकून चेहरा न्याहाळू लागली. "तुम्हाला मिशा होत्या," ती म्हणाली. "होत्या," निरीक्षक म्हणाले. बेकरीवाल्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. निरीक्षकांना वाटलं, हे सगळे लोक उठून जावेत, दिवे मालवावेत आणि आपल्याला या टेबलाखाली थोडा वेळ बसू द्यावं.

ती वळली आणि पुन्हा थांबली. "तो दात मी तुमच्याकडेच दिला होता ना? बाबा आले तर द्या म्हणून?" निरीक्षकांनी उजवा कान पुढे केला, जणू ऐकू आलं नाही. "जाऊ दे," ती म्हणाली. "असल्या गोष्टी कोण ठेवतं."

ते या मंडळावर का आले होते, हे खरं सांगायचं तर त्यात समाज कुठेच नव्हता. निवृत्त झाल्यावर आठ महिने ते घरात बसले आणि त्या आठ महिन्यांत त्यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातले डबे मापाप्रमाणे लावले, दूधवाल्याचं माप दोनदा तपासलं आणि शेजारणीच्या वजनकाट्यावर चढून तो सव्वा किलोने खोटा आहे असं तिला तिच्याच दारात सांगितलं. शेवटी बायकोने हात जोडले. "तुम्ही कुठेतरी जा हो," ती म्हणाली, "देवळात नाहीतर तुरुंगात, पण दुपारी घरात नको." तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई तेव्हा या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. अजूनही त्याच होत्या. बायकोच मात्र आता नव्हती, आणि दुपारचं घर आता त्यांचं एकट्याचं होतं, डबे कसेही लावले तरी कोणी काही बोलणार नव्हतं. तर ते असे आले, घरातून हाकललेले. आणि आल्यावर त्यांना कळलं की इथे त्यांना कोणी घाबरत नाही. पस्तीस वर्षं ते दुकानात शिरले की दुकानदाराचा चेहरा पडायचा. काटा उचलून घ्यायचे, वजनं पेटीतल्या पितळी वजनांशी ताडून बघायचे, शिक्का मारायचे किंवा जप्त करायचे. पाच ग्रॅमची सूट कधी दिली नाही की कुणाचा चहा घेतला नाही. खात्यात त्यांना मागून 'चिमटा' म्हणत, वजनं उचलायच्या चिमट्यावरून, हे त्यांना माहीत होतं. इथे लोक त्यांना चहा देत आणि पाठीवर थाप मारत. साठाव्या वर्षी माणसाला आवडतं होण्याची चटक लागली तर ती फार वाईट लागते, दुसरं काय.

घड्याळ त्यातूनच पुढे गेलं. सभेला सगळे उशिरा येत आणि अध्यक्षीणबाई दर गुरुवारी चिडत. एका सभेत बेकरीवाले म्हणाले, घड्याळच दहा मिनिटं पुढे करून टाका, म्हणजे घाबरून वेळेवर येऊ. सगळ्यांनी उचलून धरलं. "पण ते निरीक्षकांनीच करायचं," कोणीतरी म्हणालं, "म्हणजे त्याला सरकारी शिक्का लागला!" हशा पिकला. आणि ते, ज्यांनी पस्तीस वर्षांत एक खोटं माप डोळ्यांआड केलं नव्हतं, ते स्टुलावर चढले, काच उघडली आणि मिनिटकाटा बोटाने दहा मिनिटं पुढे सारला. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. त्यांना इतकं हलकं वाटलं की खाली उतरून त्यांनी कधी नव्हे तो बेकरीवाल्यांच्या पाठीवर धपका घातला. तो गुरुवार होता. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की गुरुवारची खोली तीच रविवारची खोली.

त्या रविवारी खुर्चीत बसायची पाळी त्यांची होती. भेट चारची. नियम वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला होता: पंधरा मिनिटं वाट बघायची, त्यानंतर मूल परत न्यायला मोकळं, वेळ खोलीतल्या घड्याळाचीच धरायची, म्हणजे मनगटांवरून भांडणं नकोत, तीन वेळा गैरहजेरी लागली की तसं न्यायालयाला कळवायचं आणि तिथून उत्तर येईतो भेटी बंद, आणि वहीत खाडाखोड करायची झाल्यास मंडळातल्या दोघांच्या सह्या हव्यात. शेवटचं कलम खुद्द निरीक्षकांनी घालायला लावलं होतं. मुलीच्या नावापुढे आधीच्या दोन रविवारी 'आले नाहीत' लागलेलं होतं, आणि ते खरं होतं, तो बाप दोन्ही वेळा खरंच आला नव्हता. कारखान्यात पाळी बदलली, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला होता, पण वहीत निरोपाचा रकाना नव्हता. तर मुलगी सतरंजीवर बसली होती. तिने फ्रॉकच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि आईला उघडू दिली नाही. आई भिंतीकडे तोंड करून घड्याळ बघत होती, तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. दारातून पावलांचा आवाज आला की मुलगी पुडी पाठीमागे लपवायची. आवाज दवाखान्यातल्या लोकांचे होते. मग ती कंटाळून त्यांच्या खुर्चीजवळ आली आणि पुडी उघडून दाखवली, आणि ते अर्धा ग्रॅम बोलले. सव्वाचार झाले. आई उठली. "चल," ती म्हणाली, "बघितलंस ना?" मुलगी रडली नाही. तिने पुडी पुन्हा बांधली, निरीक्षकांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा आले तर द्या. हरवू नका हं." त्यांनी शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात, 'आले नाहीत' लिहिलं आणि सही केली.

शाई वाळायच्या आत जिना धडधडला. दारात एक माणूस उभा राहिला, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, छाती भात्यासारखी वरखाली होत असलेला, काखेत रंगीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. "वेळ संपली," निरीक्षक म्हणाले. रीतीप्रमाणेच म्हणाले, आणि बोटाने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. त्यात चार सतरा झाले होते. माणसाने घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे. मनगट कानाशी नेऊन ऐकलं. पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "माझं घड्याळ मागे पडलं वाटतं," तो म्हणाला, आणि वर म्हणाला, "माफ करा हं, साहेब."

तेव्हा त्यांना कळलं. त्याने मनगट कानाशी नेलं त्याच क्षणी. त्यांच्या बाहीखाली त्यांचं स्वतःचं घड्याळ होतं, ते उघडून बघायची गरजसुद्धा नव्हती. चार वाजून सात मिनिटं. खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती आणि खिडकीतून रस्ता सरळ कोपऱ्यापर्यंत दिसायचा. आई आणि मुलगी अजून दिसत होत्या, तो माणूस दुसऱ्या बाजूने आला असणार. मुलगी खाली वाकून चपलेचा बंद लावत होती आणि आई कमरेवर हात ठेवून उभी होती. एक हाक पुरली असती. खिडकीत जाऊन नुसतं 'अहो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांच्या मनात काय काय आलं, ते त्यांनी पुढे इतक्या वेळा उगाळलं की आता खरं काय आणि नंतर जोडलेलं काय ते सांगणं कठीण. पण वहीतली ओली शाई आठवली, हे नक्की. तिच्यावर काट मारावी लागेल, खाली दुसऱ्याची सही घ्यावी लागेल, कारण लिहावं लागेल. कारण: निरीक्षकांनी घड्याळ खोटं केलं होतं. चिमट्याचं माप खोटं निघालं. मुलगी उठली, आईने तिचा हात धरला आणि दोघी कोपऱ्यावर वळल्या. तो माणूस तोपर्यंत जिना उतरायला लागला होता. पुडी निरीक्षकांच्या डाव्या मुठीत होती. ती दिली असती तर त्याला कळलं असतं की मुलगी आत्ता, या मिनिटाला इथे होती. म्हणून त्यांनी मूठ उघडली नाही.

सोमवारी सकाळी सगळ्यात आधी येऊन त्यांनी घड्याळ बरोबर केलं, आणि गुरुवारी ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या रविवारी तो माणूस परत आला होता. नियमाप्रमाणे त्याला वर सोडलं नाही, तर खाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तासभर बसून राहिला आणि ते लांबट पुडकं तिथेच विसरून गेला, की ठेवून गेला. त्यात पतंगाच्या काड्या आणि कागद होते. गैरहजेरीची नोंद न्यायालयात गेली. दोन महिन्यांनी निरीक्षक पत्ता शोधत त्याच्या खोलीवर गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. काम सुटलं, दुसऱ्या गावी गेला, शेजारी म्हणाले, कुठल्या ते माहीत नाही. मुलीची आईही शहर सोडून गेली. आणि निरीक्षक राहिले. त्यांनी भांडून नियम बदलून घेतला, पंधरा मिनिटांचा तास केला. दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घेतल्या. तापात आले, बायकोच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आले. जिन्यावर पाऊल वाजलं की खुर्चीत सरळ होऊन बसत. लोक त्याला निष्ठा म्हणू लागले. नव्या सदस्यांना त्यांचं उदाहरण देऊ लागले. त्यांनी कधी खुलासा केला नाही. इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाचं तोंड मग आपोआप तसंच राहतं.

सभा संपल्यावर जिना उतरताना ती त्यांच्या उजव्या बाजूने चालू लागली. "तुमचा डावा कान गेलाय ना, काका?" तिने विचारलं. "मघाशी तुम्ही उजवा पुढे केलात. या एकदा माझ्याकडे, तपासू." तिच्या बोलण्यात इतका सहज जिव्हाळा होता की त्यांना कठड्याला धरावं लागलं. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. तिथे ते नेहमीच थांबत. "वडील... पुन्हा कधी भेटले?" त्यांनी विचारलं. तिने खांद्यावरच्या पर्सवर हात ठेवला. "गेल्या महिन्यात पत्र आलंय," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांनी. पाकिटामागे रुग्णालयाचा पत्ता आहे, म्हणजे आजारी असणार. उघडलं नाही. पर्समध्ये घेऊन फिरतेय वेड्यासारखी. सोमवारी परत पाठवून देणार आहे." "उघडून तरी बघायचं," निरीक्षक म्हणाले. "कशाला? सात वर्षांची पोर बसून राहते आणि ज्याला तीनदा जिना चढायला होत नाही, त्याला आता माझ्याकडून काय हवंय?" मग आवाज मऊ करून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून तुम्हाला सांगतेय. बाकी कोणाला बोलले नाही. रविवारी मला तुमच्यासोबत बसायला सांगितलंय बाईंनी, शिकायला. येते साडेतीनला."

शुक्रवार गेला. पंचविसाव्या वर्षाच्या पुस्तिकेसाठी प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या होत्या, 'मी या मंडळावर का?', फोटोसह. निरीक्षकांचा कागद दोन महिने कोराच होता. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, 'कारण' असं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. शनिवारी त्यांनी कपाटातून वजनांची पेटी काढली. लाकडी पेटी, आत मखमलीत खोलगट घरं, प्रत्येक घरात आपापलं पितळी वजन, मोठ्यापासून लहानापर्यंत. शेवटचं घर अर्ध्या ग्रॅमच्या चिमुकल्या पत्र्याचं, तो पत्रा पुढे कधीतरी हरवला होता. त्या घरात दात होता. एकोणीस वर्षांत पिवळट पडला होता. त्याच रविवारी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी तो तोलला होता आणि अर्धा ग्रॅम भरला नव्हता, थोडा कमीच. तेही खोटं सांगितलं होतं तर. ते पेटीसमोर बसून राहिले. सांगितलं नाही तर सोमवारी पत्र परत जाईल. सांगितलं तर तिला बाप मिळेल, कदाचित मरायला टेकलेला, आणि तिचा तो अर्ध्या ग्रॅमचा काका जाईल. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण या हिशेबात त्यांना त्या बापापेक्षा त्या काकाचा जीव जास्त प्यारा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यात कोणीतरी त्यांच्यामुळे कुठेतरी आलं होतं. हे तेवढंच एक होतं, आणि तेच खोट्या काट्यावर तोललेलं.

रविवारी ते तीनलाच आले. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असे. जुन्या वह्यांच्या तळातून त्यांनी ती वही काढली, पान उघडून टेबलावर ठेवली आणि दात पुन्हा त्याच्या कागदात बांधून ती पुडी दाब म्हणून पानावर ठेवली. साडेतीनला ती आली, हातात बिस्किटांचा पुडा, "मुलांसाठी," म्हणाली, मग तिची नजर टेबलाकडे गेली. "बस," निरीक्षक म्हणाले. आपण तिला एकेरीत हाक मारली हे त्यांना जाणवलंसुद्धा नाही. आणि त्यांनी सांगितलं. गुरुवारपासून सुरुवात केली, स्टुलापासून. काही गाळलं नाही, पाठीवरचा धपकाही नाही. बोलताना ते तिच्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते. निळे कपडे, काखेतलं पुडकं, मनगट कानाशी. "ते काय म्हणाले?" तिने मध्येच विचारलं. "म्हणाले, माझं घड्याळ मागे पडलं वाटतं." "आणि?" "आणि माफी मागितली." "कोणाची?" "माझी," निरीक्षक म्हणाले.

ती उठून खिडकीपाशी गेली. "आम्ही इथून दिसत होतो?" "कोपऱ्यापर्यंत. तू वाकून चपलेचा बंद लावत होतीस." "आई ओरडली होती त्या बंदावरून," ती बाहेर बघत म्हणाली. "कायम सुटायचा. मी मुद्दाम वेळ लावत होते. वाटत होतं, येतील अजून." तिचा आवाज फुटला आणि तिने तोंडावर हात दाबला. निरीक्षकांना वाटलं उठावं, तिच्या खांद्यावर हात ठेवावा. पण तो हात कोणाचा, असा प्रश्न त्यांना पडला आणि ते बसून राहिले. नंतर त्यांनी पेनाचं टोपण काढलं, 'आले नाहीत'वर सरळ काट मारली आणि वर लिहिलं: 'आले होते. चार वाजून सात मिनिटं. घड्याळ मी पुढे केले होते.' खाली सही केली. अक्षर वळणदारच आलं. "खाडाखोडीला दोन सह्या लागतात," ते म्हणाले. "मंडळातल्या कोणाचीही चालते. मी बाईंकडे नेणारच आहे. पण आधी तुला..." त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली.

ती बराच वेळ पान वाचत राहिली, एवढं त्यात वाचण्यासारखं नव्हतं तरी. मग तिने पेन घेतलं आणि सही केली. पुडी उघडली, दात बोटाने उलटासुलटा केला, पुन्हा बांधला, आणि पर्स उघडून आतल्या कप्प्यात ठेवला. कप्प्यात पाकिटाची कड दिसली. निरीक्षक वाट बघत होते. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, काहीही. ती त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, नीट ऐकू जावं म्हणून.

"एवढी वर्षं तुम्ही माझीच वाट बघत होतात ना?" ती म्हणाली. "आले मी. आता उठा त्या खुर्चीवरून."

ते उठले. ती रागावली होती की नाही ते त्यांना कळलं नाही, तिचा चेहरा ओला होता आणि आवाज कोरडा. "दर रविवारी मी बसेन," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका." त्यांनी मान डोलावली. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, खिशातला 'कारण' एवढंच लिहिलेला पुस्तिकेचा कागदही ठेवला, कारण तो आता कशाला लागणार होता. दाराशी सवयीने घड्याळाकडे मान वळली आणि त्यांनी ती परत फिरवली.

कठडा धरून ते जिना उतरू लागले. तिसऱ्या पायरीवर ते बसले. इथे बसून त्या माणसाला काय दिसत असेल, असा विचार ते वर्षानुवर्षं करत आले होते, पण बसून कधी पाहिलं नव्हतं. समोर रस्ता दिसत होता, दवाखान्याची पाटी, आणि मान मागे टाकली की जिन्याच्या फटीतून दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी. खिडकीत ती उभी होती. दोन्ही हातांत पाकिटातून काढून उजेडाला धरलेला कागद होता, आणि ती तो वाचत होती. एकदा वाचून झाल्यावर तिने तो उलटला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मग एक बाई चिमुरडीचा हात धरून जिना चढून गेली, म्हणजे चार झाले असणार. खिडकी रिकामी झाली. वर खेळण्यांच्या पेटीचं झाकण वाजलं. आपण आता घरी जायला हवं, असं निरीक्षकांनी स्वतःला सांगितलं, आणि उठले नाहीत. दुपारचं घर डोळ्यांसमोर आलं, डबे, पेटीतलं रिकामं घर. त्या खुर्चीशिवाय आपण कोण, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

वेळ किती गेला, ते त्यांनी पाहिलं नाही. रस्त्यावरून एक माणूस पळत आला. अंगावर ड्रायव्हरचा सदरा, बगलेत खोकं. पायऱ्यांशी येऊन तो थबकला आणि पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला बघून, हाच कोणीतरी इथला असावा अशा समजुतीने, धापा टाकत म्हणाला, "संपली का हो वेळ? गाडी अडकली होती. माझी मुलगी आहे वर." आणि त्याने मनगट वर केलं.

निरीक्षकांनी हात पुढे करून ते मनगट हलकेच खाली केलं आणि त्याला वाट देण्यासाठी भिंतीकडे सरकले.

"घड्याळ राहू दे," ते म्हणाले. "वर जा. बसलीय ती."